ऋण चिन्हाची हमी

विवर्धकाच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अँप्लिफायरच्या, स्थैर्याविषयी एक सूत्र पदविकेच्या वर्गापासून मंडप डेकोरेटरच्या टेम्पोपर्यंत सगळीकडे निःशंकपणे सांगितले जाते. प्रत्याभरण ऋण असेल तर विवर्धक स्थिर राहतो, धन असेल तर त्यात आंदोलने सुरू होतात, आणि ती सुरू झालीच तर गेन कमी केला की थांबतात, असे ते सूत्र आहे. प्रत्याभरण म्हणजे निर्गमाचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संदेशाचा, काही भाग पुन्हा प्रवेशाकडे नेऊन मिसळणे, ज्याला कारागीर आणि विद्यार्थी दोघेही फीडबॅक म्हणतात. तो भाग मूळ संदेशातून वजा होत असेल तर प्रत्याभरण ऋण आणि मिळवला जात असेल तर धन. सूत्र सुटसुटीत आहे, पाठ होते, परीक्षेत गुणही मिळवून देते. परंतु त्याच्या तीनपैकी एकही भाग निरपवाद नाही, आणि त्यावर विसंबून काम करणाऱ्याला ते नेमके अडचणीच्या वेळी चुकीच्या दिशेने नेते. स्थैर्य हा चिन्हाचा गुण नाही, विवर्धकाच्या डब्याचाही नाही. संदेश ज्या फेऱ्यातून फिरून परत येतो त्या संपूर्ण फेऱ्याचा, आणि तोही सगळ्या वारंवारतांना मिळून, तो गुण आहे, हे येथे दाखवायचे आहे.

पहिला भाग ऋण प्रत्याभरणाच्या हमीचा. ही हमी देणारे हे विसरतात की ‘वजा करणे’ ही क्रिया तत्क्षणी घडली तरच ती वजाबाकी असते. प्रत्येक ट्रान्झिस्टर, प्रत्येक तार, प्रत्येक रोध-कपॅसिटरची जोडी संदेशाला थोडा उशीर लावते, आणि वारंवारता जसजशी वाढते तसतसा तोच उशीर आवर्तनाचा मोठा हिस्सा व्यापू लागतो. आवर्तनातील या मागे पडण्याला कलेतील फरक म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे. एकसारख्या तीन पायऱ्यांचा विवर्धक घेतला, प्रत्येक पायरीत एक रोध आणि एक कपॅसिटर इतकाच विलंब मानला, तर एका वारंवारतेला प्रत्येक पायरी ६० अंश मागे पडते आणि तिन्ही मिळून १८० अंश होतात. अर्ध्या आवर्तनाने मागे पडलेला संदेश वजा करणे म्हणजे तो मिळवणेच होय. त्या वारंवारतेला प्रत्येक पायरी संदेश निम्म्यावर आणते, म्हणजे तिघींची मिळून घट आठपट. त्यामुळे मंद वारंवारतांना फेऱ्याचा गेन, म्हणजे एका पूर्ण फेरीत संदेश जितका पट होतो तो आकडा, ८ च्या पुढे गेला की हा ‘ऋण प्रत्याभरणाचा’ विवर्धक स्वतःच गाऊ लागतो. ज्या प्रत्याभरणासाठी इतका खटाटोप करायचा ते आठपटींवरच अडणार असेल तर विरूपता कमी करण्याचा त्याचा मुख्य उपयोगच आक्रसतो. हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर ऋण प्रत्याभरणाची कल्पना सुचली आणि हातातल्या वृत्तपत्राच्या पानावर त्यांनी समीकरणे मांडली, हे सर्वांना सांगितले जाते. त्या कल्पनेचा चालता विवर्धक उभा करताना मुख्य झगडा या गाण्याशीच द्यावा लागला, आणि पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले, हे मात्र सांगायचे राहून जाते.

यावर सूत्राचे समर्थक एक बचाव करतात, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो. ते म्हणतात, आंदोलन झाले ते त्या वारंवारतेला प्रत्याभरण धन झाले म्हणूनच. तेव्हा सूत्र मोडले नाही, केवळ प्रत्येक वारंवारतेला वेगळे लावायला हवे. परत आलेला संदेश मूळ संदेशाच्या कलेतच असेल आणि एकपटीहून मोठा असेल, तर तो प्रत्येक फेरीत वाढत जाणार, हे कोणालाही कळते, असा त्यांचा युक्तिवाद. बार्कहाउझेन यांच्या नावाने पुस्तकांत छापली जाणारी अट बहुधा याच अर्थाने शिकवली जाते. वास्तविक ती अट इतकेच सांगते की स्थिर मोठेपणाचे आंदोलन चालू असेल तर त्या वारंवारतेला फेऱ्याचा गेन १ आणि कला पूर्ण आवर्तनाची असलीच पाहिजे. गेन त्याहून मोठा असला तर आंदोलन वाढेलच, असे तीत कोठेही नाही.

फेरीमागून फेरी वाढत जाण्याचा हा युक्तिवाद किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात असलेला ७४१ हा ऑपअँप पुरेसा आहे. त्याचा एकदिश प्रवाहाला गेन सुमारे २ लाख असतो. निर्गम सरळ ऋण टोकाला जोडला तर फेऱ्याचा गेनही २ लाख होतो. फेरीमागून फेरी हिशेब मांडला तर पहिल्या फेरीनंतर उणे २ लाख, दुसरीनंतर अधिक ४,००० कोटी, आणि पुढे आकडे फुगतच जातात. तरीही प्रत्यक्षात हा विवर्धक जे आत येते तेच शांतपणे बाहेर देतो. हिशेब फसतो, कारण त्यात प्रत्येक फेरी आधीची फेरी पूर्ण स्थिरावल्यानंतर सुरू होते असे गृहीत धरलेले असते, तर खऱ्या परिपथात सगळ्या फेऱ्या एकाच वेळी, एकमेकींत मिसळून, क्षणाक्षणाने घडतात. जो हिशेब ऋण बाजूला इतका उघड खोटा ठरतो तोच धन बाजूला पुरावा म्हणून कसा चालावा?

आणि तो चालत नाहीच. पाठोपाठ तीन समाकलक, म्हणजे आत येणाऱ्या संदेशाची काळाबरोबर बेरीज करत जाणारे परिपथ, आणि त्यांच्याबरोबर कला पुढे ढकलणारी दोन जाळी, अशी एका फेऱ्याची रचना कल्पावी. प्रत्येक समाकलक ९० अंश मागे नेतो, म्हणजे एकूण २७०. प्रत्येक जाळे मंद वारंवारतेला जवळपास काहीच करत नाही, पण वारंवारता वाढत गेली की ९० अंशांपर्यंत पुढे आणते. मधल्या एका वारंवारतेला दोन्ही जाळी ४५-४५ अंश पुढे आणतात आणि निव्वळ मागे पडणे बरोबर १८० अंश होते. म्हणजे ऋण प्रत्याभरण तेथे पूर्णतः धन झालेले असते. या ठिकाणी फेऱ्याचा गेन १० ठेवला तर प्रचलित युक्तिवादानुसार संदेश प्रत्येक फेरीत दसपट व्हायला हवा. समीकरण सोडवले तर उत्तर उलटे येते : फेरा पूर्ण स्थिर. त्याच ठिकाणचा गेन १ च्या खाली, समजा ०.८ वर, आणला की वाढत जाणारी आंदोलने सुरू होतात. सूत्राचे दोन भाग येथे एकदम कोसळतात. धन प्रत्याभरण, तेही दसपटीचे, शांत राहते, आणि गेन कमी करणे हाच रोग ठरतो.

ही कागदी करामत आहे असे म्हणण्याची सोय नाही. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली नेमका हाच निष्कर्ष सिद्ध केला, आणि १९३४ साली बेल प्रयोगशाळेच्या पीटरसन, क्रीअर आणि वेअर या तिघांनी प्रत्यक्ष विवर्धकावर तो पडताळून प्रसिद्ध केला. नायक्विस्ट यांची रीत अशी की एखाद्या वारंवारतेपाशी थांबून निकाल द्यायचा नाही. शून्यापासून अनंतापर्यंत प्रत्येक वारंवारतेला फेऱ्याचा गेन हे अंतर आणि कला ही दिशा मानून कागदावर एक वक्र काढायचा, आणि उणे एक या बिंदूला तो वेढा घालतो की नाही हे पाहायचे. उघड्या ठेवल्यावर स्वतः स्थिर असणाऱ्या फेऱ्यात वेढा नसेल तर मिटल्यावरही स्थैर्य असते. वरच्या उदाहरणातला वक्र त्या बिंदूच्या पलीकडून जातो खरा, पण निव्वळ वेढा घालत नाही. गेन कमी करून वक्र आकसला की बिंदू त्याच्या पोटात सापडतो. वेढा ही संपूर्ण वक्राविषयीची गोष्ट आहे, आणि एका वारंवारतेचे चिन्ह पाहून ती कळणे शक्यच नाही.

दुसरा भाग, धन प्रत्याभरण म्हणजे आंदोलन, हा तर इतिहासानेच खोटा पाडलेला आहे. आर्मस्ट्राँग यांच्या पुनर्जननी रेडिओ ग्राहकात मुद्दाम धन प्रत्याभरण देऊन, फेऱ्याचा गेन १ च्या किंचित खाली ठेवून, एकाच निर्वात नळीकडून अनेक नळ्यांचे काम करून घेतले जात असे, आणि कळ नीट लावली तर तो स्थिर चाले. उलट बाजूला, एकदिश प्रवाहालाच धन प्रत्याभरण एकपटीहून जास्त दिले तर परिपथ आंदोलित होत नाही, एका टोकाला जाऊन चिकटतो. श्मिट ट्रिगर नावाचा सर्वपरिचित परिपथ याच चिकटण्यावर चालतो. अस्थैर्य आणि आंदोलन हे एकच नव्हे, इतका साधा भेदही चिन्हाच्या सूत्रात मावत नाही.

तिसऱ्या भागाने, ‘गेन कमी करा’ या सल्ल्याने, सर्वाधिक प्रत्यक्ष नुकसान होते. विवर्धकाचा एकंदर गेन कमी करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे प्रत्याभरणाचा वाटा वाढवणे. पण वाटा वाढला की फेऱ्याचा गेन वाढतो, म्हणजे बाहेरून नरम दिसणारा विवर्धक आतून अस्थैर्याच्या अधिक जवळ सरकतो. स्वस्त ध्वनियंत्रणेत वर्षानुवर्षे वापरली गेलेली टीडीए २०३० ही चिप घ्यावी. तिच्या निर्मात्याच्या माहितीपत्रकातच एकंदर गेन २४ डेसिबलहून, म्हणजे सुमारे सोळापटीहून, अधिक ठेवावा असे बजावलेले आहे, आणि नमुना परिपथात २२ किलोओहम व ६८० ओहम असे दोन रोध लावून तो ३० डेसिबलच्या आसपास ठेवलेला असतो. स्पीकरमधून येणारी खरखर कमी व्हावी म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने ६८० च्या जागी ४.७ किलोओहम बसवला तर गेन पाच-सहापटीवर येतो, खरखर खरोखरच घटते, आणि चिप कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारतेला आंदोलित होण्याचा धोका समोर उभा राहतो. आवाज नसताना तापलेली हीटसिंक आणि काही तासांत गेलेला ट्वीटर ही मग त्याची लक्षणे असतात, आणि दोष जातो चिपच्या ‘डुप्लिकेट’ असण्याकडे. बाजारात डुप्लिकेट चिपा असतात हे खरेच, म्हणून तर हे निदान खपून जाते. त्याच नमुना परिपथात स्पीकरच्या समांतर १ ओहमचा रोध आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जी जोडी असते, ती ‘नसली तरी चालते’ म्हणून काढून टाकण्याची प्रथाही याच अज्ञानातून आली आहे. स्पीकरच्या वेटोळ्यामुळे उच्च वारंवारतेला बदलणारा भार सपाट ठेवून फेऱ्याची कला सांभाळणे हेच तिचे काम असते.

तारेचेही तसेच. ७४१ च्या निर्गमाचा अंगभूत रोध सुमारे ७५ ओहम आणि लांब आवरणयुक्त केबलची धारकता ०.०१ मायक्रोफॅरड धरली तर दोहोंच्या मिळून २१२ किलोहर्ट्झपाशी एक नवा विलंब फेऱ्यात शिरतो. ७४१ च्या आत ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. तो गेनला सुमारे ५ हर्ट्झपासूनच उतरणीला लावतो आणि १ मेगाहर्ट्झला एकवर आणतो, जेणेकरून त्या वेळी कला ९० अंशांहून फार मागे पडलेली नसावी. केबल जोडताच फेऱ्याचा गेन एकवर येण्याची जागा ४६० किलोहर्ट्झच्या आसपास सरकते आणि तेथे आधीच्या ९० अंशांत आणखी ६५ अंशांची भर पडते. १८० पर्यंत उरलेले अंतर, ज्याला कलेची मोकळीक म्हणावे, केवळ २५ अंश राहते. या मोकळिकीचा अर्थ आकड्यांत सांगता येतो : ती ६० अंश असेल तर त्या वारंवारतेला विवर्धकाचा निर्गम अपेक्षेइतकाच राहतो, २५ असेल तर सुमारे २.३ पट आणि १० असेल तर ५.७ पट उसळतो. परिपथाच्या आकृतीत येथे एकही चिन्ह बदललेले नाही, एकही रोध बदललेला नाही. बदलली ती फक्त तार.

आता, ज्या एका ठिकाणी प्रचलित सल्ला खरोखर उपयोगी पडतो ते ठिकाण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, कारण त्या एका यशावरच सूत्राची सारी पत उभी आहे. मुरबाडहून माळशेजच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरळगावच्या पुढे असलेल्या टोकावड्यात किंवा त्या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात अखंड हरिनाम सप्ताहाच्या मांडवात कीर्तन सुरू होताच माईक शिट्टी मारू लागतो, आणि साऊंडवाला मिक्सरची कळ मागे घेतो तशी शिट्टी थांबते. हा फेरा विवर्धकाच्या आतला नव्हे. माईक, मिक्सर, विवर्धक, कर्णा, मधली हवा, वरचे पत्रे आणि पुन्हा माईक असा तो आहे. कर्णा माईकपासून ७ मीटरवर असेल तर आवाजाला परत यायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात, आणि त्यामुळे दर ५० हर्ट्झला एक याप्रमाणे शेकडो वारंवारतांना परत आलेला आवाज मूळ आवाजाच्या कलेत पडतो. चिन्हाला येथे काही अर्थच उरत नाही. कर्ण्याच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या तर शिट्टीचा सूर थोडा सरकतो इतकेच, आणि तारा उलटवून शिट्टी ‘घालवण्याचा’ जो उपाय काही जण सांगतात त्याचे यश सूर योगायोगाने एखाद्या दबक्या वारंवारतेवर जाण्यापुरतेच असते. कला इतक्या वेळा फिरत असल्याने कुठे ना कुठे ती जुळणारच, म्हणून अशा फेऱ्यात गेन सर्वत्र एकच्या खाली ठेवणे हाच सुरक्षित मार्ग असतो. कळ मागे घेणे बरोबर ठरते ते या लांब विलंबामुळे, ऋण-धनाच्या नियमामुळे नव्हे.

आणि येथेही चिन्हवादी अर्ध्यावरच थांबतात, कारण शिट्टी थांबली म्हणजे फेरा निरोगी झाला असे ते मानतात. गेन एकच्या फक्त ३ डेसिबल खाली असेल तर कला जुळणाऱ्या वारंवारता जवळजवळ ११ डेसिबल उसळतात आणि विरुद्ध कलेच्या वारंवारता साडेचार डेसिबल दबतात. कीर्तनकाराचा आवाज दर ५० हर्ट्झला असा वर-खाली झालेला, म्हणजे पोकळ आणि घुमणारा, ऐकू येतो. मागच्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला निरूपणातला शब्द न कळण्याचे कारण बहुधा हेच असते, आणि त्यावर आवाज वाढवण्याची मागणी झाली की फेरा पुन्हा शिट्टीच्या उंबरठ्याला लागतो. खरे उपाय फेऱ्यातच शोधावे लागतात. तोंड आणि माईक यांतले अंतर ३० सेंटिमीटरवरून १५ वर आणले तर तितक्याच ऐकू येणाऱ्या आवाजासाठी ६ डेसिबल कमी गेन पुरतो. कीर्तनकार, वीणेकरी, पखवाज आणि पेटी असे चार माईक एकसारखे उघडे असतील तर एका माईकच्या मानाने ६ डेसिबलची मोकळीक गमावलेली असते, म्हणून निरूपण चालू असताना उरलेले तीन दाबून ठेवणे हा फुकटचा फायदा आहे. उघड्यावर कर्ण्याचे अंतर दुप्पट केले की आणखी ६. मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकात संपूर्ण आवाज काही हर्ट्झने सरकवून कोणतीही वारंवारता दुसऱ्या फेरीत स्वतःवरच पडू नये अशी युक्ती मांडली, तीही फेऱ्यावरच काम करते. याउलट ‘शंभर वॅटचा कमी पडतो, दोनशेचा आणा’ या निर्णयावर वर्गणीचा पैसा खर्च होतो तेव्हा फेऱ्याला कणभरही फरक पडत नाही. श्रोत्याला तितकाच आवाज हवा असेल तर फेऱ्याचा गेन तितकाच राहतो, विवर्धक कितीही वॅटचा असो.

फेऱ्याचे हे राज्य विद्युत परिपथापुरते नाही, आणि त्याचा सर्वात जवळचा मोठा दाखला मुरबाडच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात आहे. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह चोंढे येथे सह्याद्रीच्या पोटात आहे. १२५ मेगावॅटची दोन उलटसुलट चालणारी यंत्रे घाटमाथ्यावरच्या जलाशयातून चारशे मीटरांहून अधिक उंचीवरून येणाऱ्या पाण्यावर चालतात. कोणत्याही जलविद्युत यंत्राची गती ठरावीक ठेवणारा नियंत्रक, म्हणजे गव्हर्नर, ऋण प्रत्याभरणावरच चालतो : गती कमी झाली की दरवाजे उघडा, वाढली की मिटा. परंतु नळातल्या पाण्याला जडत्व असते. दरवाजे एकदम जास्त उघडले तर पाण्याचा वेग तत्काळ वाढू शकत नाही, दाब मात्र तत्काळ पडतो, आणि शक्ती वाढण्याऐवजी पहिल्या क्षणी कमी होते. आदर्श गणितात ही उलटी घट शेवटी मिळणाऱ्या वाढीच्या दुप्पट निघते. गती सावरण्यासाठी घाईने दरवाजे उघडणारा नियंत्रक अशा वेळी गती आणखी पाडतो आणि यंत्र झोके खाऊ लागते. म्हणून जलयंत्रांच्या नियंत्रकात तात्पुरती ढिलाई मुद्दाम घातलेली असते, म्हणजे पहिल्या काही सेकंदांपुरते त्याचे उत्तर सौम्य केलेले असते. मॅक्सवेल यांनी १८६८ साली गव्हर्नरांवर निबंध लिहिला तेव्हापासून नियंत्रकाचे चिन्ह बरोबर असणे पुरेसे नाही हे ज्ञात आहे. विवर्धकांच्या शिक्षणात दीडशे वर्षांनंतरही ते पोचू नये याचे समर्थन कशानेही होत नाही.

शेवटची हरकत व्यवहाराची असते. नायक्विस्टचा वक्र पदविकेच्या मुलांना कठीण जातो, सूत्र सोपे आहे, आणि दसपट धन प्रत्याभरणातही स्थिर राहणारे फेरे व्यवहारात कोणी वापरतच नाही, असे सांगितले जाते. या हरकतीत तथ्याचा अंश एवढाच की तसे फेरे जपून वापरावे लागतात, कारण विवर्धक संपृक्त झाला, म्हणजे त्याच्या मर्यादेला टेकला, की त्याचा परिणामी गेन घटतो आणि वक्र आकसून बिंदूला वेढू शकतो. पण सूत्राच्या बाजूने हा पुरावा नाही, उलट गेन कमी होण्यानेच आंदोलन सुरू होते याची ती आणखी एक कबुली आहे. काठिण्याचा मुद्दा त्याहूनही लंगडा आहे. बोडे यांनी १९४५ च्या ग्रंथात रूढ केलेली रीत, म्हणजे डेसिबल आणि अंश यांच्या दोन सरळ आलेखांवरून मोकळीक वाचणे, लॉगरिदम येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला एका तासात शिकवता येते. प्रयोगशाळेत ७४१ एकपटीच्या विवर्धनात जोडावा, चौरस तरंग द्यावा, निर्गमाला आधी काहीच न जोडता आणि मग ०.००१, ०.०१ मायक्रोफॅरड असे कपॅसिटर एकामागून एक लावून ऑसिलोस्कोपवर प्रत्येक कडेनंतरचे हेलकावे मोजावेत, त्यांच्यावरून कलेची मोकळीक काढावी, आणि शेवटी निर्गम व कपॅसिटर यांच्यामध्ये ४७ ओहमचा एक रोध घालून, प्रत्याभरण त्या रोधाच्या अलीकडून घेऊन, तेच हेलकावे कसे ओसरतात ते वहीत उतरवावे. या प्रयोगाला लागणारे सारे साहित्य बहुतेक प्रयोगशाळांत आधीपासूनच पडून असते.